पाळण्याची स्प्रिंग

स्प्रिंग या वस्तूला मराठीत सरळसोट नाव नाही. घड्याळात बसली की आपण तिला कमान म्हणतो. सायकलच्या सीटखाली, गादीत किंवा बॉलपेनात असली की ती पुन्हा स्प्रिंगच. परिभाषा घडवणाऱ्यांनी मात्र तिच्या हालचालीला ऐसपैस नाव दिले आहे : सरल हरात्मक गती. हे नाव मी घरात पहिल्यांदा उच्चारले तेव्हा आईने निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून विचारले, "महादेवाचं काही आहे का रे?" मी मराठीचा प्राध्यापक असूनही तिला ताबडतोब उत्तर देऊ शकलो नाही. 'हर' म्हणजे शंकर हे तिचे व्याकरण चोख होते.

पदार्थविज्ञानाशी माझा औपचारिक संबंध दहावीला संपला. तरीही गेल्या श्रावणात या महादेवाने आमच्या हॉलमध्ये तीन आठवडे मुक्काम ठोकला होता. त्या तीन आठवड्यांत जे पाहायला मिळाले ते कोणत्याही घरात, फारसा खर्च न करता पाहता येईल असे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त झाले माझ्या भाचीचे. ती सांगलीहून अकरावीसाठी आमच्याकडे पुण्याला आली आहे. कॉलेजात शास्त्र शाखा, आणि संध्याकाळी क्लास. जुलै संपता संपता तिने जाहीर केले की आपल्याला हे काही जमत नाही, शाखाबदलाचा अर्ज भरून आपण कला शाखेत जाणार. ताईचे रोज दोन फोन सुरू झाले. भावोजी फोनवर येत नसत, पण त्यांनी क्लासची वर्षाची फी एकरकमी भरली आहे हे ताईच्या बोलण्यातून दर वेळी आमच्यापर्यंत पोचत असे.

यात माझी पंचाईत निराळीच होती. मराठी विषय घेणारी मुले गोळा करताना आमच्या विभागाची काय दमछाक होते हे मला ठाऊक आहे. चांगली वाचणारी, नेटके लिहिणारी मुलगी आपल्या पायांनी चालत येत असेल तर तिला नको म्हणण्याइतका मी विरक्त नाही. पण ती चालत येत नव्हती. पळत येत होती, आणि पळताना तिची पाठ आमच्याकडे आणि तोंड भीतीकडे होते. जिला पदार्थविज्ञानाची भीती वाटली म्हणून साहित्य घ्यावेसे वाटते, तिला उद्या भाषाशास्त्राची भीती वाटली तर ती कोठे जाईल?

"तुला नेमकं काय कळत नाही?" मी एका रात्री विचारले.

"सगळंच, मामा. पाठ होतं. कळत नाही."

तिने पुरावा म्हणून या गतीची इंग्रजी व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. मुंजीच्या बटूने संध्या म्हणावी तशी. ती मराठीत सांग म्हटल्यावर ती माझ्याकडे पाहत राहिली. "मराठीत कशी येईल? पुस्तक इंग्रजीत आहे."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यांना गाठले. ते मितभाषी गृहस्थ आहेत. त्यांनी चहाचा घोट घेऊन एवढेच सांगितले, "तिला काही समजावू नका. एक प्रश्न विचारा. स्प्रिंगला वजन टांगलं. दोन बोटं खाली ओढून सोडलं, तर खाली-वर जाऊन यायला काही वेळ लागतो. तेच वीतभर ओढून सोडलं तर किती लागेल?"

रात्री प्रश्न विचारला. भाची तत्काळ म्हणाली, "जास्त लागणार. अंतर जास्त आहे ना!"

"पुस्तकात काय आहे?"

"पुस्तकात... टी इज इंडिपेंडंट ऑफ अँप्लिट्यूड." आणि ती थांबली. हे वाक्य तिने निदान वीस वेळा लिहिले असेल. आपण जे पाठ केले आणि आपण जे मानतो, ती दोन वाक्ये एकमेकींच्या विरुद्ध आहेत हे तिला त्या क्षणी प्रथम दिसले. "म्हणजे तेवढाच वेळ? पण ते कसं शक्य आहे?"

हा प्रश्न परीक्षेचा नव्हता. मला बरे वाटले.

आता स्प्रिंग हवी. मी हार्डवेअरच्या दुकानात जायला निघालो, तर आई म्हणाली, "दुकानात कशाला? माळ्यावर हिचीच आहे की." ताईचे बाळंतपण आमच्याकडे झाले. तेव्हा झोळी टांगायला आणलेली स्प्रिंग आईने खोबरेल तेलाचा हात देऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून सोळा वर्षे जपून ठेवली होती. हातभर लांब, वेढ्याला वेढा घट्ट चिकटलेला, दोन्ही टोकांना आकडे. वाण्याच्या काट्यावर तिचे स्वतःचे वजन सहाशे ग्रॅम भरले. ज्या स्प्रिंगने आपल्याला सहा महिने झोपवले तिच्यावर आपण आता जागत बसणार, ही कल्पना भाचीला आवडलेली दिसली.

आमची इमारत जुनी, छत उंच, आणि हॉलच्या मध्यभागी झोपाळ्याची मजबूत कडी आहे. तिला जाड दोरी बांधली, दोरीला स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या खालच्या आकड्याला वजन. वजनासाठी प्रथम पाण्याची बादली सुचली होती. सहकाऱ्यांनी ती मोडीत काढली : पाणी स्वतःच डुचमळते, ते स्प्रिंगचे ऐकत नाही. मग वाण्याकडून अडीच-अडीच किलो तांदळाच्या चार पिशव्या घट्ट शिवून आणल्या. खाली गादी टाकली. ज्या वाचकांना हे करून पाहायचे असेल त्यांनी गादी विसरू नये, कडीची खात्री करून घ्यावी, आणि पाळण्यात खरे मूल असताना असले काहीही करू नये.

पहिल्या दिवशी काही हलवलेच नाही. नुसते टांगले आणि शिवणाच्या टेपने मोजले. पहिल्या पिशवीने स्प्रिंग पावणेचार सेंटिमीटर लांबली. दुसरीने आणखी सव्वासहा, तिसरीने आणखी सव्वासहा, चौथीनेही तेवढीच. पहिल्या पिशवीलाच काय झाले होते? भाचीने स्प्रिंग हातात घेऊन ओढून पाहिली आणि कारण तिचे तिलाच सापडले. या स्प्रिंगचे वेढे मुळातच एकमेकांना दाबून बसवलेले असतात. ते सुटे करण्यातच पहिल्या पिशवीतला एक किलो खर्ची पडतो. वेढे एकदा सुटले की मग दर किलोला अडीच सेंटिमीटर, हिशेबाला पक्के.

ओझे जितके वाढवाल तितक्याच प्रमाणात स्प्रिंग लांबेल, हा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हुक याचा. हा लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवण्याच्या कामावर होता. बुद्धीने तल्लख, आणि आपला शोध दुसरा कोणी पळवील या धास्तीने सदैव ग्रासलेला. 1676 साली त्याने हा नियम छापला तो कसा? लॅटिन वाक्यातली अक्षरे सुटी करून, वर्णक्रमाने मांडून! वाचणाऱ्याला त्यातून अवाक्षर कळू नये, पण पुढे वाद झाला तर मी आधी सांगितले होते असे म्हणता यावे. दोन वर्षांनी, 1678 मध्ये, त्याने ती अक्षरे जुळवून दाखवली. आमच्या साहित्यिकांत वाङ्मयचौर्याची ओरड पुष्कळ होते, पण अशी तजवीज कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

दुसऱ्या दिवशी खरा सामना. भाचीची भेळेची पैज होती : लांब ओढले की वेळ वाढणारच. पुस्तक तिच्या विरुद्ध होते. पण पुस्तक पैज लावत नाही, म्हणून पुस्तकाच्या बाजूने मी लावली. एका हेलकाव्याचा वेळ मोजणे अवघड, म्हणून वीस हेलकावे मोजायचे आणि मोबाइलवरच्या स्टॉपवॉचचा आकडा लिहायचा. सहकाऱ्यांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली, मोजणी 'एक'पासून सुरू करायची नाही, 'शून्य'पासून करायची. नाहीतर वीस म्हणताना एकोणीसच भरतात. दुसरी, पिशवी सगळ्यांत खाली असताना घड्याळ दाबायचे नाही. तेथे ती रेंगाळते, नेमका क्षण सापडत नाही. मधोमध खडूची रेघ मारायची आणि पिशवी रेघेवरून जाताना दाबायचे, कारण तेथे ती सगळ्यांत वेगात असते. हे ऐकायला उलटे वाटते, पण करून पाहिल्यावर पटते. कपाटाच्या दारावर रेघ उमटली.

चारही पिशव्या टांगून, चार सेंटिमीटर ओढून सोडल्या. वीस हेलकावे : 20.3 सेकंद. आठ सेंटिमीटर ओढल्या : 20.2. सोळा सेंटिमीटर : 20.3.

भाचीने मोबाइल माझ्या हातून काढून घेतला. पुन्हा स्वतः मोजले. मग आजीला मोजायला लावले. मग पिशव्या सोळा सेंटिमीटर ओढून सोडल्या आणि आम्ही जेवायला बसलो. भात संपेपर्यंत त्यांचा जोर पार ओसरून हेलकावा बोटभर उरला होता. उष्ट्या हाताने उठून तिने तेवढ्या मरगळलेल्या हेलकाव्यांचीही मोजणी केली. पुन्हा वीस सेकंद आणि वर थोडे. भेळ मी जिंकली, पण तिची नजर पिशवीवर होती.

"मामा, लांबून येताना ती पळत येते."

हेच ते. चार सेंटिमीटर ओढलेल्या पिशवीला स्प्रिंग जेवढ्या जोराने परत बोलावते, त्याच्या चौपट जोराने ती सोळा सेंटिमीटरवाल्या पिशवीला बोलावते. अंतर चौपट, जोर चौपट, वेगही प्रत्येक टप्प्यावर चौपट. मग वेळ वाढणार कोठून? हुकचे प्रमाण तंतोतंत आहे म्हणून ही बरोबरी तंतोतंत आहे. त्यात थोडी जरी कसर असती, तरी वेळा फुटल्या असत्या.

आई हे सारे ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे माहेरची ओढ. जितकं लांब दिलं तितकी जास्त." इंग्रजी पुस्तकात ज्याला नुसता फोर्स म्हटले आहे त्याला आमच्या भाषेत 'ओढ' हा शब्द किती चपखल बसतो, हे मला त्या दिवशी नव्याने जाणवले. ओढीला दिशा असते. ती नेहमी कोणाकडे तरी असते. 'बल' या शब्दात हे काही नाही. सांगलीहून आलेली मुलगी यावर काही बोलली नाही, पण रात्री तिच्या वहीत मी मराठी वाक्य पाहिले : जितकं दूर, तितकी ओढ, आणि ओढ नेहमी मधल्या जागेकडे. व्याख्या पुरी झाली होती.

आईची शंका मात्र त्याहून खोल होती. "अरे, पण घरी पोचल्यावर ती थांबत का नाही?" मधल्या रेघेवर ओढ शून्य होते, हे खरे. पण तेथे पोचेपर्यंत पिशवीने एवढा वेग घेतलेला असतो की तिला थांबता येत नाही. ती घर ओलांडून पलीकडे जाते, पलीकडे गेली की ओढ पुन्हा मागे खेचते. थांबायला तिला वेग टाकावा लागतो, आणि तो हवेला व स्प्रिंगच्या पोलादाला थोडा-थोडा देत ती तो टाकते. तोवर येरझारा.

येथे थोडे विषयांतर करतो. लंबकाच्या घड्याळाबद्दलही आपण हेच ऐकलेले असते की झोका लहान असो वा मोठा, वेळ तोच. ते फक्त लहान झोक्यांना जवळपास लागू आहे. लंबक उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत वर नेऊन सोडला तर त्याला सुमारे सात टक्के वेळ जास्त लागतो. नव्वद अंशांपर्यंत नेला तर अठरा टक्के. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने 1673 च्या आपल्या ग्रंथात यावर उपाय दिला. लंबकाच्या दोरीच्या दोन्ही बाजूंना विशिष्ट वळणाच्या पट्ट्या बसवायच्या, म्हणजे दोरी झोक्याबरोबर त्यांवर टेकत जाते आणि वेळ सारखा राहतो. उपाय डोकेबाज, पण खिशात कसा घालणार? 1675 मध्ये त्यानेच चक्राला केसासारखी बारीक, गुंडाळलेली स्प्रिंग लावलेले घड्याळ पुढे आणले आणि हे घड्याळ खिशात गेले. हुकने लगेच ओरड केली की ही कल्पना माझी. तो वाद त्या दोघांच्या हयातीत मिटला नाही. चावीची मनगटी घड्याळे ज्यांनी वापरली आहेत त्यांच्या नाडीशेजारी आमच्या पिशवीचीच धाकटी बहीण टिकटिकत होती.

तिसरा प्रश्न वजनाचा. पिशव्या कमी-जास्त केल्या तर? एका पिशवीला वीस हेलकाव्यांना 10.4 सेकंद लागले, दोन पिशव्यांना 14.5, तिन्हींना 17.6, आणि चारींना 20.3. एका पिशवीला फार ओढता येत नाही. तीन सेंटिमीटरच्या पुढे गेले की वर येताना वेढे एकमेकांवर खडखड आपटतात आणि सगळा बेत फसतो. पुस्तक सांगते की वजन चौपट केले तर वेळ दुप्पट होतो. 10.4 ची दुप्पट 20.8. आमचे आले 20.3.

"अर्धा सेकंद कमी आहे," भाची म्हणाली.

मी म्हटले, चालायचेच. घरगुती प्रयोग आहे. मराठीच्या पेपरात मी एवढे गुण डोळे मिटून देतो. पण तिने प्रत्येक मोजणी दहा-दहा वेळा केली. आकडा हलेना. शेवटी तिने मला न सांगता माझ्या सहकाऱ्यांना फोन लावला. त्यांनी उत्तर दिले नाहीच, उलट विचारले, "हलतं काय काय, ते सगळं मोजलंस का?"

एका पिशवीबरोबर पिशवी हलते, आणि स्प्रिंगही हलते! पण सगळी स्प्रिंग सारखी हलत नाही. खालचा आकडा पिशवीइतका हलतो, वरचा मुळीच नाही, मधला भाग मधल्यासारखा. हिशेब केला की स्प्रिंगच्या वजनाचा एक तृतीयांश भाग पिशवीत मिळवावा लागतो. सहाशेचे दोनशे ग्रॅम. म्हणजे तुलना अडीच आणि दहा किलोंची नव्हतीच. दोन किलो सातशे आणि दहा किलो दोनशे यांची होती. त्याप्रमाणे गुणिले तर 20.2 येतात. तो हरवलेला अर्धा सेकंद स्प्रिंगच्या पोटात सापडला. त्या रात्री ताईचा फोन आला तेव्हा भाची तिला दहा मिनिटे हे सांगत होती. ताईला किती कळले ठाऊक नाही. पण अर्जाचे काय, हे विचारायला ती त्या दिवशी विसरली.

मला स्वतःला सगळ्यांत मनोहर वाटला तो सावल्यांचा खेळ. शेजारच्या सहावीतल्या मुलाची सायकल हॉलमध्ये सीटवर उलटी उभी केली. मागच्या चाकाच्या तारांना आसापासून वीतभर अंतरावर एक पेन्सिल आडवी बांधली आणि तिच्या बाहेर आलेल्या टोकाला कणकेचा गोळा लावला. दिवे घालवून लांबून टॉर्च अशी धरली की चाकाची भिंतीवरची सावली नुसती उभी पट्टी दिसावी. चाक गोल फिरते, पण भिंतीवर गोळ्याची सावली फक्त वर आणि खाली जाते. शेजारीच पिशवीची सावली. चाक सेकंदाला एक फेरी या बेताने फिरवायचे आणि गोळा सगळ्यांत खाली असताना पिशवी सोडायची. पाच-सहा वेळा हुकले. मग एकदा जमले, आणि दोन्ही सावल्या जणू एकाच दोरीला बांधल्यासारख्या बरोबर वर गेल्या, बरोबर रेंगाळल्या, बरोबर खाली धावल्या. चार-पाच फेऱ्यांनंतर चाक मंदावले आणि सोबत सुटली. पण तेवढ्यात कळायचे ते कळले. पिशवीची ही सरळ रेषेतली येरझार म्हणजे एकसारख्या गोल फिरण्याचीच बाजूने दिसणारी सावली. तिच्या गणितात वर्तुळाचा पाय कोठून येतो, हे पुस्तकाने तिला सांगितले होते; भिंतीने दाखवले.

एका गोष्टीचे नवल मला अजून ओसरलेले नाही. या सगळ्या वेळांशी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा संबंध नाही. पृथ्वी पिशवीला खाली ओढते खरी, पण त्यामुळे फक्त मधली रेघ कोठे पडायची ते ठरते. हीच स्प्रिंग आणि हाच तांदूळ चंद्रावर नेला तर रेघ वर सरकेल, हेलकाव्याचा वेळ मात्र तोच राहील. लंबकाचे घड्याळ नेले तर ते तेथे जवळजवळ अडीचपट संथ चालेल. यातूनच एक सोय निघाली. अवकाशयानात सगळेच तरंगते; वजनकाट्यावर उभे राहून काही उपयोग नाही. मग अंतराळवीर रोडावला की नाही हे डॉक्टरने कसे ओळखावे? 1973 साली अमेरिकेच्या स्कायलॅब या अवकाशस्थानकात त्यासाठी स्प्रिंगांवर हलणारी एक खुर्ची होती. अंतराळवीराने अंग आखडून तीत बसायचे, खुर्ची सोडायची, आणि मागे-पुढे होण्याचा वेळ मोजायचा. वेळेवरून माणसाचे वस्तुमान निघते. म्हणजे आमच्या झोळीचाच हा आकाशातला अवतार.

भाचीने हे ऐकले मात्र, सायकलवाल्या मुलाचे दप्तर स्प्रिंगला लटकले. वीस हेलकावे 15.6 सेकंद. तिने कागदावर वर्ग केले, भागाकार केले, शेवटी स्प्रिंगचे दोनशे ग्रॅम वजा केले आणि आकडा जाहीर केला : पाच किलो आठशे. मुलगा दप्तर घेऊन वाण्याकडे धावला. काट्यावर पाच किलो साडेसातशे भरले. सहावीतल्या मुलाच्या पाठीवर पावणेसहा किलो का असावेत, याचे उत्तर काट्यापाशी नाही आणि स्प्रिंगपाशीही नाही.

श्रावण संपत आला. आईने गौरी-गणपतीच्या तयारीसाठी हॉल मोकळा करण्याचा हुकूम काढला. शाखाबदलाच्या अर्जाची मुदतही त्याच आठवड्यात संपत होती. भरलेला अर्ज भाचीच्या वहीत होता. मी त्याबद्दल एक अक्षर विचारले नव्हते, आणि न विचारणे हे प्राध्यापकाला किती जड जाते ते प्राध्यापकच जाणे. स्प्रिंग उतरवायला तिचे मन घेईना, म्हणून तिने मधला मार्ग काढला : लांब दोरी सोडून टाकली आणि स्प्रिंग थेट कडीलाच अडकवली, म्हणजे खालून केर काढता येईल. पिशव्या आता छतापासून मीटरभर खाली लोंबू लागल्या. स्टुलावर उभी राहून तिने त्यांना, म्हटले तर निरोपाचा, एक हेलकावा दिला.

पंधरा-वीस वेळा त्या नेहमीसारख्या खाली-वर झाल्या. मग आई म्हणाली, "अगं, ते बघ, पाळण्यासारखं झालं."

खरेच. कोणी हात न लावता पिशव्या बाजूला झुलू लागल्या होत्या. झोका वाढत गेला, खाली-वर होणे कमी-कमी होत जवळजवळ थांबले. आता नुसता पाळणा. आणि मग पुन्हा झोका आवरत गेला आणि खाली-वर सुरू झाले. तीन आठवड्यांत असे एकदाही घडले नव्हते. भाची स्टुलावरून उतरलीच नाही. तिने झोके मोजले : दहा झोक्यांना वीस सेकंद. खाली-वरच्या वीस हेलकाव्यांनाही वीस सेकंद. एका झोक्यात बरोबर दोन हेलकावे.

सहकाऱ्यांनी नंतर सांगितले की हे ठाऊक असलेले प्रकरण आहे. खाली-वर होण्याचा वेळ झुलण्याच्या वेळेच्या नेमका निम्मा पडला, की एका हालचालीतली शक्ती दुसरीत उतरते आणि परत येते. आमच्या दहा किलोंसाठी ती लांबी मीटरभर येते, आणि केर काढायच्या सोयीने आम्ही अचूक तेथेच पोचलो होतो. पण हे नंतरचे. त्या संध्याकाळी तिने कोणालाच फोन केला नाही. एक पिशवी काढली, झुलणे बंद. पिशवी परत लावली; झुलणे सुरू. मग वीतभर दोरी घालून पाहिली, बंद. हातात टेप, दातांत पेन्सिल.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. मी उचलला. ताई म्हणाली, "तिला दे. उद्या शेवटची तारीख आहे अर्जाची."

"आई, नंतर बोलते," भाची स्टुलावरूनच ओरडली. "मी मोजतेय. मामा, ती दोरी जरा चार बोटं वर घे."